सत्ता : अधिकार की ठेव?
अक्कलकोट संस्थानाच्या इतिहासातील राजधर्माचा मागोवा

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय भागात, कर्नाटकाच्या सीमेलगत अक्कलकोट वसले आहे. येथील बाजारपेठेत मराठीइतकीच कन्नडही सहजपणे कानी पडते. श्री स्वामी समर्थांच्या वास्तव्यामुळे या गावाची ख्याती सर्वदूर पसरली आहे. तथापि १९४८ पर्यंत अक्कलकोट ही एका संस्थानाची राजधानीही होती, याची आठवण नव्या पिढीला राजवाडा आणि तेथील शस्त्रागार यांच्या निमित्तानेच काय ती होते. या संस्थानाचा विस्तार ४९८ चौरस मैल होता आणि १९०१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ८२,०४७ भरली होती. बडोदे, कोल्हापूर किंवा ग्वाल्हेर यांच्या मानाने हे राज्य लहानच म्हणावे लागेल.

परंतु लहान राज्याच्या इतिहासाचा एक लाभ असतो. विशाल साम्राज्यात राजा आणि रयत यांच्यामध्ये सुभेदार, सरदार, कारकून यांच्या इतक्या पायऱ्या असतात की अन्याय नेमका कोणत्या पायरीवर झाला, हे सांगणे अवघड होते. लहान संस्थानात तशी सोय नसते. एका दिवसाच्या घोडदौडीत ज्याची सीमा गाठता येते, त्या राज्याच्या धन्याला रयतेचे हाल ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. म्हणूनच, ज्याच्या हाती अधिकार येतो त्याच्याकडे कर्तव्य कोणते येते, हा जुना प्रश्न अक्कलकोटच्या इतिहासातून तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

जिनसेनाचार्यांचा मापदंड

हा प्रश्न तपासण्यासाठी मापदंड दूरदेशाहून आणावा लागत नाही. नवव्या शतकात अक्कलकोटच्या भोवतालचा हा सारा मुलूख राष्ट्रकूटांच्या अमलाखाली होता. त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. ते कलबुर्गीच्या पलीकडे कागिणा नदीच्या काठी आहे. तेथे इ. स. ८१४ ते ८७८ या दीर्घ काळात अमोघवर्ष नृपतुंग याने राज्य केले. भगवज्जिनसेनाचार्य हे त्याला गुरुस्थानी होते. आचार्यांनी हाती घेतलेला 'आदिपुराण' हा प्रचंड ग्रंथ त्यांच्या हयातीत पूर्ण झाला नाही. बेचाळीस पर्वे आणि त्रेचाळिसाव्या पर्वाचे अवघे तीन श्लोक रचून झाल्यावर त्यांची लेखणी थांबली आणि उरलेला भाग त्यांचे शिष्य गुणभद्राचार्य यांनी पूर्ण केला. आचार्यांनी संपूर्ण लिहिलेले शेवटचे पर्व म्हणजे बेचाळिसावे, आणि त्याचा विषय आहे राज्यकर्त्याचे कर्तव्य.

या पर्वात भरत चक्रवर्ती आपल्या सभेतील राजांना क्षात्रधर्म समजावून सांगतो. त्याची पाच अंगे तो मोजतो : कुलानुपालन, मत्यनुपालन, आत्मानुपालन, प्रजानुपालन आणि समंजसत्व. कुलानुपालन म्हणजे आपल्या घराण्याच्या सदाचाराचे रक्षण. मत्यनुपालन म्हणजे आपल्या बुद्धीचे रक्षण. हित कोणते आणि अहित कोणते, याचा विवेक ढळू न देणे. आत्मानुपालन म्हणजे स्वतःला संकटापासून आणि अधःपातापासून वाचविणे. प्रजानुपालनाचा अर्थ उघड आहे. समंजसत्व म्हणजे निःपक्षपात : अपराधी आपला पुत्र असो वा शत्रू, दोघांना एकच न्याय. या क्रमात एक अर्थ दडलेला आहे. प्रजेचे पालन चौथ्या स्थानी येते, कारण ज्याने आधी आपले कुल, आपली बुद्धी आणि आपला आत्मा राखला नाही, त्याच्या हातून प्रजा राखली जाणे शक्य नाही, अशी या विचारामागील धारणा दिसते.

प्रजानुपालन स्पष्ट करताना आचार्यांनी गोपाळाचा दृष्टान्त योजला आहे. कळपातील एखादे गुरू चुकले तर गोपाळ त्याचे अंग तोडत नाही; शासन करतो, पण बेताने. गायीचा पाय मोडला तर तो पट्टी बांधतो, जखमेत किडे पडले तर औषध लावतो, चाऱ्याची जागा निवडतो, वाघाचोरांपासून राखण करतो. राजानेही तसेच वागावे. शिक्षा अतिकठोर असली तर प्रजा उद्विग्न होऊन दुरावते. कामी आलेल्या सेवकाच्या जागी त्याच्या मुलाला किंवा भावाला नेमावे, म्हणजे इतरांचा विश्वास टिकतो. याच ग्रंथात अन्यत्र कराविषयीही असाच विचार आला आहे : दुभत्या गायीला पीडा न देता जसे दूध काढतात, तसाच कर घ्यावा.

हे विचार केवळ ग्रंथात राहिले नव्हते. इ. स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात असा उल्लेख आहे की, लोकांवरील संकट टळावे म्हणून अमोघवर्षाने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला अर्पण केले. 'प्रश्नोत्तररत्नमालिका' हा छोटा ग्रंथ जैन परंपरेने त्याच्याच नावावर नोंदविला असून, विवेकाने राज्यत्याग केलेला राजा असा त्याचा निर्देश तेथे आहे. राज्य आले तेव्हा ते सांभाळले, लोकांसाठी स्वतः झीज सोसली आणि वेळ आली तेव्हा ते खाली ठेवले, असे या राजाचे चित्र परंपरेने जपले आहे. पुढे नऊशे वर्षांनी त्याच मुलखाच्या एका भागावर जे संस्थान उदयास आले, त्याचा इतिहास या पाच अंगांच्या प्रकाशात पाहता येतो.

पारदची गढी

अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा आरंभ एका चकमकीतून झाला. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेकडे निघाले. आयुष्यातील सतरा वर्षे त्यांनी मोगली छावणीत काढली होती. सैन्य तुटपुंजे होते, आणि महाराणी ताराबाई त्यांचा गादीवरील हक्क मान्य करावयास तयार नव्हत्या. वाटेत मराठवाड्यातील पारद या गावी गढीतून त्यांना विरोध झाला. चकमक उडाली आणि लोखंडे घराण्यातील गावचा पाटील मारला गेला. तेव्हा त्याच्या विधवेने आपला लहान मुलगा राणोजी याला शाहू महाराजांपुढे आणून ठेवले आणि त्याच्यासाठी अभय मागितले.

त्या काळच्या राजकीय व्यवहारात अभय देणे पुरेसे मानले गेले असते. शाहू महाराज त्याच्या पुढे गेले. त्यांनी त्या मुलाला आपला मानसपुत्र केले आणि भोसले हे आडनाव दिले. मुक्ततेनंतरचा हा पहिलाच विजय, म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवण्यात आले. शाहूंच्या राजवाड्यात विरूबाईंच्या देखरेखीखाली तो वाढला आणि पुढे अक्कलकोटचा मुलूख त्याच्याकडे आला.

कामी आलेल्या आपल्या सेवकाच्या मुलाला आधार देणे हे आदिपुराणाच्या दृष्टीने राजाचे कर्तव्यच. येथे मृत झालेला पाटील सेवक नव्हता, विरोधक होता. ज्याच्यावर आपल्या बळाचा घाव पडला, त्याच्या अनाथ मुलाचे ऋण विजेत्यावर चढते, ही जाणीव शाहू महाराजांच्या कृतीत दिसते. मात्र या कथेची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. ज्या विजयात त्या मुलाचा पिता गेला, त्याच विजयाचे नाव त्याला जन्मभर वागवावे लागले. सत्तेचे औदार्य आणि सत्तेने केलेली हानी ही दोन्ही 'फत्तेसिंह' या एका नावात सामावलेली आहेत. उपकाराने इजा पुसली जात नाही. पुढील आयुष्याची जबाबदारी मात्र स्वीकारता येते. अक्कलकोट संस्थानाचा पाया अशा स्वीकारलेल्या जबाबदारीवर घातला गेला.

न मागितलेली गादी

फत्तेसिंह भोसले हे नामधारी मानसपुत्र राहिले नाहीत. १७२५ ते १७२७ या काळातील कर्नाटकाच्या स्वाऱ्यांत ते बाजीराव पेशव्यांसमवेत होते. पुढे रघूजी भोसले यांच्याबरोबर ते दक्षिणेच्या मोठ्या मोहिमेवर गेले आणि १७४१ मध्ये त्रिचनापल्ली मराठ्यांच्या हाती आली. छत्रपतींच्या घरात वाढलेला, रणांगण पाहिलेला हा सरदार शाहू महाराजांच्या अखेरच्या दिवसांत प्रौढ व अनुभवी होता.

शाहू महाराजांना औरस पुत्र राहिला नव्हता. त्यांच्या उत्तराधिकाराचा प्रश्न साताऱ्याच्या दरबारात कमालीचा गुंतागुंतीचा झाला. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराजांचे निधन झाले आणि रामराजांना गादीवर बसविण्यात आले. त्यानंतर सातारा अनेक वर्षे कलहाने धुमसत राहिला. फत्तेसिंहांनी आपल्या मानसपुत्रत्वाच्या बळावर या कलहात उडी घेतली नाही. ते अक्कलकोटला येऊन राहिले आणि १७६० मध्ये त्यांचे निधन झाले.

इतिहास बहुधा मिळविलेल्या गाद्यांचा लिहिला जातो. न मागितलेल्या गादीची नोंद एखाद्या ओळीत आटोपते. फत्तेसिंहांच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे शोधण्याचे कारण नाही. त्यांच्या वर्तनाचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. वारसाहक्काच्या त्या वादळात आणखी एका तलवारीची भर पडली नाही. भरत चक्रवर्तीचा बंधू बाहुबली द्वंद्वात विजयी होऊनही राज्य सोडून तपाला निघाला, ही कथा जैन समाजात घरोघरी सांगितली जाते. त्या परमत्यागाशी एका सरदाराच्या संयमाची बरोबरी होणार नाही. परंतु सामर्थ्य असताना हात आवरणे, हा गुण दोन्हीकडे एकाच जातीचा आहे.

पालकाची परीक्षा

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्यानंतर इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसविले आणि १८२० मध्ये साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार केले. त्यांत अक्कलकोट होते, तसेच औंधचे प्रतिनिधी, भोरचे सचिव, फलटणचे निंबाळकर व जतचे डफळे होते. यानंतरच्या अक्कलकोटच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते : १८२८, १८७०, १८९६ आणि १९२३ अशी चार वेळा या गादीवर अल्पवयीन वारस आला. म्हणजे शंभर वर्षांच्या अवधीत या राज्याचा कारभार अनेकदा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पालक म्हणून राहिला. पालकत्व ही सत्तेची सर्वांत कठीण परीक्षा असते, कारण धनी लहान असतो आणि हिशेब विचारणारा कोणी समोर नसतो.

पहिल्याच प्रसंगी ही परीक्षा अवघड ठरली. १८२८ मध्ये मालोजीराजे पहिले निवर्तले आणि त्यांचा लहान मुलगा शहाजी गादीवर आला. साताऱ्याच्या दरबाराने पालक या नात्याने कारभार हाती घेतला. प्रतापसिंह महाराज हे विद्येची आवड असलेले, नवी व्यवस्था घडवू पाहणारे राज्यकर्ते म्हणून ओळखले जात. तथापि त्यांच्या पालकत्वाच्या काळात अक्कलकोटच्या जुन्या कारभारात फेरफार झाले आणि वतनदारांचे परंपरागत हक्क काढून घेण्यात आले. १८२९ मध्ये बोरगावचे सरदेशमुख शंकरराव यांच्या नेतृत्वाखाली बंड उभे राहिले. ते मोडण्यासाठी सोलापूरहून इंग्रजी फौज बोलवावी लागली. बंड शमल्यावर कारभार साताऱ्याकडे ठेवण्यात आला नाही. १८३० मध्ये कॅप्टन जेमिसन या इंग्रज अधिकाऱ्याला पालक नेमण्यात आले.

वतनदारी ही काही निर्दोष व्यवस्था नव्हती. देशमुख-सरदेशमुखांच्या हक्कांचा भार अखेर शेतकऱ्याच्याच खांद्यावर पडत असे, आणि त्यात सुधारणा करणे अयोग्य होते असे म्हणता येणार नाही. प्रश्न होता तो रीतीचा. जे राज्य आपले नव्हते, एका बालकाच्या वतीने सांभाळावयाचे होते, त्यात पिढ्यान्पिढ्यांची घडी एकाएकी मोडली गेली आणि दाद मागण्यास वाव उरला नाही, तेव्हा शस्त्र उचलले गेले. नव्याने कळपात आलेल्या गुरांना गोपाळ आधी चुचकारतो, ओळख पटू देतो, मग हाकतो. हेतू चांगला असणे पुरेसे नसते. ज्यांच्यासाठी ते चांगले करावयाचे, त्यांना समजावून बरोबर घेणे हाही कर्तव्याचा भाग आहे. पालक बदलावा लागला, हीच त्या कारभारावरील सर्वांत बोलकी टीका होय.

दत्तक नाकारणारी सत्ता

यानंतर अठरा वर्षांनी साताऱ्याच्याच गादीवर घाला आला. एप्रिल १८४८ मध्ये तेथील छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने तो अमान्य करून सातारा राज्य खालसा केले. अक्कलकोटसह साताऱ्याचे सारे जहागीरदार थेट इंग्रजांच्या अमलाखाली आले.

या घटनेतील विसंगती अक्कलकोटला विशेष जाणवावी अशी आहे. एका छत्रपतीने परक्याचा मुलगा आपला मानला, त्यातून हे संस्थान जन्मले होते. आणि आता त्याच गादीच्या वारसाने आपला मानलेला मुलगा एका परकीय सत्तेने परका ठरविला. दत्तक ही कुल चालविण्याची धर्ममान्य रीत आहे, हे हिंदुस्थानातील लहानथोर सर्वजण जाणत होते. ती नाकारण्याने महसुलात भर पडत होती, म्हणून ती नाकारली गेली. न्याय करणारा आणि निकालाने लाभणारा हे जेव्हा एकच असतात, तेव्हा समंजसत्व टिकत नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हे धोरण सोडले आणि संस्थानिकांच्या दत्तकाचा हक्क मान्य केला. पण तोवर सातारा, झाशी, नागपूर ही राज्ये गेली होती.

याच उठावाच्या वर्षी, १८५७ मध्ये, मालोजीराजे दुसरे अक्कलकोटच्या गादीवर आले. सुमारे त्याच सुमारास श्री स्वामी समर्थ अक्कलकोटी आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत तेथेच राहिले. स्वामीभक्तांच्या परंपरेत एक कथा सांगितली जाते : राजे हत्तीवर बसून लवाजम्यासह दर्शनास गेले, तेव्हा स्वामींनी त्यांना चपराक मारली आणि राजवैभवाचा तोरा उतरविला. पुढे राजे कोणताही डामडौल न करता दर्शनास जाऊ लागले. या कथेला कागदोपत्री पुरावा शोधीत बसण्याचे कारण नाही. लोकांनी ती दीडशे वर्षे जपली, यातच तिचे ऐतिहासिक मोल आहे. राजालाही कोणी तरी थांबविणारा असावा आणि त्या थांबविणाऱ्याला राजाने शासन करू नये, ही रयतेची अपेक्षा तीतून व्यक्त होते. आदिपुराणाने ज्याला मत्यनुपालन म्हटले, त्याचेच हे लोकभाषेतील रूप होय.

मालोजीराजांच्या कारकीर्दीचा शेवट मात्र समाधानकारक झाला नाही. गैरकारभाराचा ठपका ठेवून इंग्रज सरकारने त्यांचे अधिकार काढून घेतले आणि संस्थान आपल्या देखरेखीखाली घेतले. १८७० मध्ये राजांचे निधन झाले. ठपका ठेवणारी सत्ता स्वतः निर्मळ नव्हती, हे साताऱ्याच्या उदाहरणावरून उघड आहे. तिचा निवाडा डोळे मिटून स्वीकारता येत नाही. पण न्यायाधीश सदोष होता एवढ्यावरून आरोपी निर्दोष ठरत नाही. या प्रकरणातून निघणारा बोध दोघांनाही लागू पडतो. जो राज्यकर्ता स्वतःच्या कारभारावर स्वतः लगाम ठेवीत नाही, तो दुसऱ्याच्या हाती लगाम देण्याचे निमित्त पुरवितो, आणि तो दुसरा आपल्यापेक्षा भला असेलच, याची शाश्वती नसते.

सोडून देण्यातील कर्तव्य

विसाव्या शतकात संस्थानिकांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. रयत आता केवळ दयाळू राजा मागत नव्हती. कारभारात वाटा मागत होती. अक्कलकोटच्या गादीवर १८९६ ते १९२३ या काळात फत्तेसिंहराजे तिसरे होते. त्यांच्यामागे अल्पवयीन विजयसिंहराजे गादीवर आले. ते वयात येऊन १९३६ मध्ये अधिकार ग्रहण करीपर्यंत राणी ताराबाईंनी पालक म्हणून कारभार पाहिला.

याच सुमारास १८२० च्या करारातील अक्कलकोटच्या एका सोबती संस्थानाने नवा आदर्श घालून दिला. बहात्तर गावांच्या औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना जाहीर करून आपले अधिकार प्रजेच्या हवाली केले. महात्मा गांधी, राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन यांचा या प्रयोगात मोठा वाटा होता. ग्रामपंचायत हा त्या घटनेचा पाया होता. कोणी बंड केले नव्हते, इंग्रजांनी हुकूम काढला नव्हता. राजाने आपणहून सत्ता खाली ठेवली.

याच संस्थानात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. गुन्ह्यांची शिक्षा भोगणारी माणसे तेथे भिंतींविना राहत, शेती करीत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागील प्रेरणा हीच. चुकलेल्या गुराचे अंग न तोडता त्याला कळपात परत आणणारा गोपाळ अकराशे वर्षांपूर्वी जिनसेनाचार्यांनी रंगविला होता. त्याचे प्रत्यक्ष रूप माणदेशाच्या माळावर असे पाहावयास मिळाले. औंधच्या लोकांनी तो ग्रंथ वाचला असेल वा नसेल. सद्विचार एकाच वाटेने येतो असे नाही.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यांत औंध होते तसेच अक्कलकोटही होते. पारदच्या गढीपाशी सुरू झालेला राजसत्तेचा प्रवास येथे थांबला. अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यात समाविष्ट झाले आणि संस्थानची रयत स्वतंत्र भारताची नागरिक झाली. विलीनीकरणाच्या वेळी माजी संस्थानिकांना देऊ केलेले तनखेही १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले. आदिपुराणातील आत्मानुपालनाचा विचार राज्यत्यागापर्यंत पोचतो : राज्य हे अखेर ओझे आहे आणि योग्य वेळी ते उतरवून ठेवण्यातच आत्म्याचे रक्षण आहे. काहींना हे ओझे आपल्या हाताने उतरविता आले, काहींच्या खांद्यावरून ते काळाने उतरविले. जो आपल्या हाताने उतरवितो, त्याची स्मृती लोक आदराने करतात, एवढाच काय तो फरक.

विश्वस्त

राजे गेले, परंतु अधिकार गेले नाहीत. ते ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, सहकारी संस्थेत, शाळेच्या व्यवस्थापनात, मंदिराच्या व धर्मशाळेच्या कार्यकारिणीत विखुरले गेले. संस्थानिकाकडे ४९८ चौरस मैल मुलूख होता. आजच्या विश्वस्ताकडे एखादी इमारत, काही एकर जमीन, एक दानपेटी आणि एक हिशेबाची वही असते. दोघांच्या कर्तव्याचे स्वरूप मात्र एकच आहे. 'विश्वस्त' या शब्दातच विश्वास आहे, आणि तो दुसऱ्याने ठेवलेला आहे.

कायद्याने या कर्तव्याला चौकट दिली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार संस्थेची नोंदणी, हिशेब व त्यांची तपासणी बंधनकारक आहे. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. जैन परंपरेने हीच चौकट कायद्याच्या कितीतरी आधी घातली होती. देवद्रव्य आणि निर्माल्य यांविषयीचे कडक निर्बंध म्हणजे, जे समर्पित झाले ते पुन्हा आपले होत नाही, या तत्त्वाचा रोजचा पाठच होय.

सत्तेचे आणखी एक रूप म्हणजे संपत्ती. तिच्या विश्वस्तवृत्तीचे उदाहरण सोलापुरातच आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये गजपंथ येथे विद्वानांना एकत्र केले आणि तीस हजार रुपयांचे दान देऊन जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली. १९४४ मध्ये त्यांनी आपली सुमारे दोन लाख रुपयांची सर्व संपत्ती संघाच्या स्वाधीन केली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरण स्वीकारले. या संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४९ मध्ये सोमदेवसूरींच्या 'यशस्तिलका'वरील कृष्णकांत हंदिकी यांचा विख्यात ग्रंथ सोलापुरातून प्रकाशित केला. हेच सोमदेव 'नीतिवाक्यामृत' या राजनीतीवरील ग्रंथाचे कर्ते. त्या ग्रंथात आरंभीच राज्याला वंदन आहे, कारण धर्म, अर्थ आणि काम ही फळे राज्यामुळे मिळतात. निर्ग्रंथ मुनीने राज्यसत्तेला वंदन करावे, हे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु ते वंदन झाडाला आहे, झाडाच्या राखणदाराला नव्हे. राखणदाराने फळे स्वतःच्या घरी नेऊ नयेत, हे त्यात गृहीत आहे.

अक्कलकोटच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात या पाच अंगांची उदाहरणे भली आणि बुरी अशी दोन्ही सापडतात. आपल्या बळाने अनाथ झालेल्या मुलाला पदरी घेणारे शाहू महाराज, गादीच्या वादात न पडणारे फत्तेसिंह, चांगल्या हेतूनेही असंतोष ओढवून घेणारे पालक, वारस नाकारून राज्य गिळणारी परकीय सत्ता, आणि राजाला चपराक मारणाऱ्या साधूची कथा जपणारी रयत, हे सारे या एका लहानशा मुलखाच्या आठवणीत नांदत आहेत. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या कोणत्याही संस्थेच्या इतिहासातही, प्रामाणिकपणे पाहिल्यास, असेच मिश्रण आढळेल.

सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी संस्थेची दप्तरे झटकली जातात, जुनी पावतीपुस्तके बाहेर येतात, देणगीदारांच्या नावांच्या याद्या नव्याने केल्या जातात. त्या पावत्यांपैकी पुष्कळशा पाच-दहा रुपयांच्या असतात. देणाऱ्याने ती रक्कम देताना पुढे कोण विश्वस्त होईल, हे विचारले नव्हते. तो जो कोणी होईल तो आपली ठेव सांभाळील, एवढाच त्याचा भरवसा होता. त्या पाच रुपयांचा हिशेब आजही देता येत असेल, तर भरताने राजांना सांगितलेला धर्म त्या संस्थेत जिवंत आहे असे समजावे.